उल्हासनगरची पट्टी

काडेपेटी पूर्ण भरलेली असली तर वाजत नाही, आणि रिकामी असली तरी नाही. आत अर्ध्यापेक्षा किंचित कमी काड्या उरल्या की मग ती बोलू लागते; कोरड्या वाळूवरून कुणी लगबगीनं चालत जावं तसा बारीक, खसखसता आवाज. हे मला सुलूआत्यानं शिकवलं. चैत्रातल्या संध्याकाळी, सूर्य क्वार्टर्सच्या मागे उतरता उतरता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक केशरी चौकोन टाकून जाई, त्या वेळेला ती अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातून परत येत असे. पदराला मेण आणि गंधकाचा मिश्र वास, बोटांच्या टोकांना लाल रंग. चप्पल काढण्याआधी ती टेपचं बटण दाबी, एक काडेपेटी कानाशी धरी, आणि गाण्याच्या ठेक्यावर ती इतकी अचूक वाजवी की ऐकणाऱ्याला वाटावं, हे वाद्य मुळातच गाण्यात होतं आणि आपण ते आजवर ऐकायचं विसरलो होतो.

ती पप्पांची सगळ्यात धाकटी बहीण. तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची असेल, मी बारा. उंच, काटकुळी, चारचौघांत नजर जाणार नाही अशी. पण ती गाऊ लागली की तिच्या शरीरात एक ऋतू पालटे. खांदे उतरत, मान लांब होई, आणि उंच स्वर जवळ आला की ती क्षणभर खाली पाही. ओढा ओलांडण्याआधी बाई निऱ्या सावरते तशी. मग एका उडीत पलीकडे. ती सा-रे-ग-म शिकली नव्हती. लोक जसा रस्ता शिकतात तशी ती गाणं शिके, पुन्हा पुन्हा त्यावरून चालून. कॅसेटमधली गायिका जिथे श्वास घेई तिथेच ती घेई. जिथे ती शब्द किंचित ओला करी, तिथेच आत्याचाही शब्द ओलावे.

मी उल्हासनगरच्या एका इंग्रजी शाळेत जात होते. तिथे संगीत म्हणजे पाठ ताठ, हात बाजूला आणि पियानोच्या मागे उभ्या असलेल्या बाईंच्या बोटाकडे लक्ष. सूर चुकू नये या भीतीनं मी तिथे फक्त ओठ हलवत असे, आणि माझी ही युक्ती सहा वर्षांत कुणाच्याही लक्षात आली नव्हती. घरी मात्र आत्याच्या त्या सिनेमातल्या चार मिनिटांच्या गाण्यांनी माझ्या अंगावर काटा येई. शब्द साधे, चाल साधी, प्रेमाच्या गोष्टी ज्यांतलं मला काहीच ठाऊक नव्हतं; तरीही दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी व्हायोलिनं उठली की छातीत एक दार उघडे आणि आत कुणीतरी आधीपासून उभं असे. कवितेच्या तासाला जे कधी झालं नाही ते इथे रोज, त्याच ओळीला होई. पुढे काय येणार हे ठाऊक असतानाही होई. नव्हे, ठाऊक असल्यामुळेच होई.

ही गाणी आमच्याकडे यायची ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या बाजारातल्या लछूसेठच्या दुकानातून. कंपनीची कॅसेट विकत घेणारी माणसं आमच्या वसाहतीत नव्हती. रीत अशी होती की वहीच्या पानावर हव्या त्या गाण्यांची यादी लिहायची, एक कोरी कॅसेट सोबत द्यायची आणि तीन दिवसांनी जायचं. लछूसेठ यादी वाचून कधी तोंड वाकडं करी, कधी मान डोलावी. “ये वाला मत भरवा बेटी, रोना आएगा,” असं तो आत्याला एकदा म्हणाला होता. “म्हणून तर भरायचंय, सेठ,” आत्या म्हणाली. त्याच्या तिरक्या अक्षरातली ती कव्हरं आमच्या क्वार्टर्समध्ये होती, पलीकडच्या चाळींत होती, केश कर्तनालयात आणि रिक्षांच्या पुढच्या खणात होती. त्याच्याकडे कॉपी करायचं यंत्र एकच. अवघा परिसर त्या एका यंत्राच्या तोंडून गात होता, आणि हे कुणाला जाणवलंही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एक नवीन गाणं आलं. रेडिओवर ते अजून फारसं लागत नव्हतं, पण लछूसेठमुळे आठवड्याभरात ते घराघरांत पोचलं. त्याच्या शेवटी एक दीर्घ ‘आ’ होता. शब्द संपल्यावर, आता सांगण्यासारखं काहीच उरलं नाही अशा जागी सुरू होणारा, आणि उंच चढत जाऊन तिथेच थांबणारा. आत्यानं तो ‘आ’ पहिल्यांदा घरात घेतला तेव्हा आई भाकरी थापता थापता थांबली. तवा तापत राहिला. “परत घे,” आई म्हणाली. एवढंच.

आत्या वसाहतीतल्या ऑर्केस्ट्रात कोरसमध्ये गात असे. ऑर्केस्ट्रा मिलिंददादाचा, तो कारखान्यात फिटर होता आणि सिंथेसायझर वाजवायचा. चार वर्षं आत्या तीन बायकांच्या मागे उभं राहून ‘हो हो’ आणि ‘ला ला’ म्हणत आली होती. त्या वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात, आमच्याच मैदानावर, त्यानं तिला पहिल्यांदा स्वतंत्र गाणं द्यायचं कबूल केलं. “हेच नवीन गाणं,” तो म्हणाला. “पण सुलू, रेकॉर्डसारखं पाहिजे. लोक रेकॉर्ड ऐकायला येतात, आपल्याला नाही.” घरी येऊन आत्यानं हे वाक्य अभिमानानं सांगितलं. रेकॉर्डसारखं गाणं तिच्याइतकं कुणाला येत होतं?

कार्यक्रमाला बारा दिवस होते तेव्हा मी माझ्या वर्गातल्या रेश्माच्या घरी अभ्यासाला गेले. तिच्याकडे परदेशातून आणलेला मोठा स्टीरिओ होता आणि चकचकीत कव्हरांच्या कंपनीच्या कॅसेटी. तिनं तेच गाणं लावलं, आणि मी पेन हातात धरून तशीच राहिले. गाणं तेच होतं, पण थकलेलं. जिथे ते धावायचं तिथे चालत होतं; गायिका मोठी बाई वाटत होती, आमच्याकडे ती मुलगी होती. तो शेवटचा ‘आ’ ज्या फांदीपर्यंत पोचायचा तिच्या खालच्याच फांदीवर थांबला.

“तेरा टेप स्लो है क्या?” मी विचारलं.

“पागल है? नया है ये. तेरा फास्ट होगा. लछूसेठ का माल ना?” रेश्मा हसली. “वहाँ सब भागता है.”

मी घरी आले आणि काहीही बोलले नाही. का नाही बोलले, याची कारणं मी पुढे पुष्कळ जमवली. खरं कारण एवढंच की, आत्याचा चेहरा त्या दिवसांत एखाद्या दिव्यासारखा झाला होता, आणि त्यावर फुंकर घालणारी मी व्हावं अशी माझी इच्छा नव्हती. गप्प राहणं मला येत होतं. ते मी फार आधी शिकले होते.

पुढच्या रविवारी समाजमंदिरात तालीम होती. पत्र्याचं छप्पर तापलेलं, खिडक्यांतून पांढरं ऊन आत पडलेलं, सतरंजीवर वायरींचं जाळं. मी कोपऱ्यात बसले होते. मिलिंददादानं कंपनीची कॅसेट कुठून तरी मिळवून तिच्यावरून एकेक सूर बसवला होता. त्यानं सुरुवात केली, आत्यानं पहिली ओळ घेतली, आणि ओळ संपेपर्यंत तिचा स्वर वर सरकला. जणू गाणं एका खोलीत चाललं होतं आणि ती जिन्यात. त्यानं थांबवलं. पुन्हा. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात घट्ट धरले, तरी आवाज आपल्या सवयीच्या उंचीकडे निघून गेला.

“वर पळतेयस तू.”

“मी? तूच खाली वाजवतोयस.”

“मी रेकॉर्डवर आहे, बाई. रेकॉर्ड काय खोटं बोलतं?”

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ढोलकीवाला खाली बघायला लागला. शेवटी मिलिंददादानं सिंथेसायझरचं बटण बंद केलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, “सुलू, गळा आहे तुला. कान नाही. बेसुरं गाणं मी आपल्याच लोकांपुढे ठेवणार नाही. गुरुवारपर्यंत बघतो, नाहीतर कल्याणहून कुणाला तरी बोलावतो.”

त्या संध्याकाळी आत्यानं घरी येऊन चप्पल काढली, हातपाय धुतले, तांदूळ निवडायला घेतले. टेप बंद होता. भिंतीवरचा केशरी चौकोन आला, मोठा झाला, तिरका झाला, गेला. एखाद्या घरातला आवाज नाहीसा होतो तेव्हा भांडी, नळ, शेजारचा कुकर, सगळं मोठ्यानं ऐकू येऊ लागतं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक पोकळी असते जिला नाव नसतं. मला मात्र तिचं नाव ठाऊक होतं. ती पोकळी म्हणजे माझं गप्प राहणं.

दुसऱ्या दिवशी मी रेश्माची कॅसेट दप्तरातून आणली. “आत्या, तुला कान आहे,” मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका चमत्कारिक निघाला की आईही बाहेर आली. मी आधी आमची कॅसेट लावली, मग रेश्माची. पुन्हा आमची, पुन्हा रेश्माची. तिसऱ्या खेपेला आत्या जमिनीवर बसली.

“हे तुला कधीपासून माहीत?”

“आठवडा झाला.”

तिनं टेप बंद केला. मला वाटलं, ही आता माझ्याशी कधीच बोलणार नाही. “मनू,” ती म्हणाली, “तू बोलत नाहीस ना, ते एक दिवस महाग पडेल तुला. आज मला पडलं.” मग तिला हसू फुटलं, आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळ्या अंगातून. “म्हणजे चार वर्षं मी लछूसेठची शिष्या.”

दोन्ही कॅसेटी घेऊन आम्ही मिलिंददादाकडे गेलो. त्यानं एकेक ओळ सिंथेसायझरवर ताडून पाहिली. रेकॉर्डची पट्टी पांढरी चार. आत्या गात होती ती काळी तीन, बरोबर अर्धा स्वर वर, आणि तिथे ती केसभरही हलत नव्हती. “सेठचं यंत्र म्हातारं झालंय,” तो म्हणाला. “भरताना हळू फिरतं, म्हणून आपल्या टेपवर ते पळतं.” कोरसमध्ये चार गळ्यांच्या आडोशाला हे कधी कळलं नव्हतं. तो जरा ओशाळला. मग ओशाळलेली माणसं करतात तसा त्यानं विनोद केला. “तू बेसूर नाहीस, सुलू. तू उल्हासनगरच्या पट्टीत आहेस.”

पण मैदानावर रेकॉर्डचीच पट्टी राहील, यावर तो ठाम होता. काळी तीनमध्ये त्याची बोटंही नीट वळत नव्हती. आत्यानं मान्य केलं. चार दिवस ती रेश्माची कॅसेट ऐकून गाणं खाली उतरवत राहिली. सूर लागले, सगळे, अगदी नेमके. मात्र तिला गाताना पाहून मला वाटे की, कुणी परक्याच्या घरात जपून वावरतंय, वस्तूंना धक्का न लावता.

जयंतीच्या दिवशी मैदानावर निळ्या पताका इतक्या दाट बांधल्या होत्या की उतरतं ऊन त्यांतून गाळून येत होतं आणि पांढरे कपडे घातलेली माणसं किंचित निळी दिसत होती. वंदना झाली, भाषणं झाली, मग ऑर्केस्ट्रा. पहिली गाणी वर्षानुवर्षांची, सगळ्यांच्या तोंडची. मैदान त्यांच्याबरोबर सहज डोलत होतं. मी चौथ्या रांगेत, मांडीवर पप्पांचा टू-इन-वन टेप, त्यात नवे सेल आणि कोरी कॅसेट. आत्याचं नाव पुकारलं गेलं तसं मी रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली.

ती पुढे आली. आकाशी साडी, हात माइकच्या दांड्यावर. पहिली ओळ तिनं घेतली आणि ती निर्दोष होती. पांढरी चार. मिलिंददादानं समाधानानं मान हलवली. पण मैदानावरून एक थंड झुळूक गेल्यासारखं झालं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. गाणं ओळखीचं होतं, पण कुठेतरी त्याचा चेहरा सुजल्यासारखा होता. मागून कुणीतरी ओरडलं, “ए, सेल संपले काय?” हशा पिकला. दुसऱ्या बाजूनं एक बाई म्हणाली, “अगं, जरा नीट म्हण ना, आमच्या घरी बरोबर वाजतं.” आणखी हशा.

मला धावत जाऊन तिला सांगावंसं वाटलं. पण तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं ओळ मधेच सोडली. पूर्ण मैदान, दीड हजार डोळे तिच्यावर. मिलिंददादाचा हात पट्ट्यांवर तरंगत राहिला. मग तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं बोट किंचित वर केलं. एवढंसंच, एक घर. त्यानं नकारार्थी डोकं हलवलं. तिनं बोट तसंच ठेवलं. आणि मग माइकमधून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, “दादा, हे लछूसेठकडून आलेत सगळे.”

मग सबंध मैदान हसलं, आता तिच्यावर नाही, तिच्याबरोबर. मिलिंददादाही हसला, त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या, दोन बोटांनी काळ्या पट्ट्या चाचपल्या आणि ढोलकीला खूण केली.

पुढे जे झालं ते सांगायला माझ्याजवळ असलेले शब्द अजूनही अपुरे पडतात. तिनं काळी तीनमध्ये पहिला शब्द टाकला आणि मैदान उठलं. खुर्च्या मागे सरकल्या, बायकांनी हात वर केले, म्हातारे टाळ्यांनी ठेका धरू लागले. दोन बोटांची साथ, धावती ढोलकी आणि वर तो आवाज, गंधकाच्या टोकावर ज्योत उभी राहावी तसा. मला त्या क्षणी समजलं की, आम्ही प्रत्येकानं हे गाणं एकेकट्यानं ऐकलं होतं. कुणी पोळ्या लाटताना, कुणी रिक्षा पुसताना, कुणी दार लावून रडताना. ती प्रत्येक बंद खोली आपापल्या टेपवर अर्धा स्वर वर गात होती, आणि इतक्या वर्षांत कुणाला ठाऊक नव्हतं की शेजारची खोलीही त्याच उंचीवर आहे. आज एका बाईनं तो स्वर उघड्यावर उच्चारला आणि सगळ्या खोल्यांच्या भिंती एकदम पडल्या. यंत्राची चूक आमच्या सुखदुःखांनी इतकी वापरली होती की ती आता चूक उरली नव्हती. ते आमचं घर होतं. शेवटच्या ‘आ’च्या आधी तिनं क्षणभर खाली पाहिलं, आणि मग ती पलीकडे होती, आणि तिच्यामागोमाग सगळं मैदान.

कल्याणहून कुणाला बोलवावं लागलं नाही. पुढची पाच वर्षं कात्रपच्या गणपतीपासून बदलापूरच्या लग्नांपर्यंत लोक ते गाणं ‘आपल्या पट्टीत’ म्हणा असं सांगत, आणि मिलिंददादाची बोटं काळी तीनमध्ये हळूहळू रुळली. मग आत्याचं लग्न झालं, ती वरणगावला गेली. आता तिला दोन मुलं आहेत, आणि गाते का असं विचारलं तर फोनवर म्हणते, “त्या उंचीवर आता कोण जाणार गं, मनू, आणि इथे कुणाला पाहिजे ते?” बोलताना मागे कुकरची शिट्टी होते आणि ती घाईनं फोन ठेवते.

त्या संध्याकाळची कॅसेट माझ्याजवळ आहे. पुष्कळ वर्षं मी ती फसलेली समजत होते, कारण तिच्यात आत्या जवळजवळ ऐकूच येत नाही. पहिली, थंड पडलेली ओळ स्पष्ट आहे. ते हसू, ते ‘दादा, हे लछूसेठकडून आलेत सगळे’ स्पष्ट आहे. आणि त्यानंतर माझ्या आजूबाजूची माणसं गाऊ लागतात आणि तिला झाकून टाकतात. कुणी तरी “बस खाली” म्हणतं, एक मूल रडतं, एक घोगरा पुरुष शब्द विसरून नुसता सूर धरतो. त्यांतले काही आता या जगात नाहीत, काही कुठे गेले ठाऊक नाही. आणि टेपच्या माइकच्या अगदी जवळ, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, एक मुलगी पूर्ण तोंड उघडून गाते आहे. तो माझा आवाज असल्याचं ओळखायला मला फार वेळ लागला. शेवटचा ‘आ’ येतो तेव्हा आत्याचा स्वर त्या गदारोळात कुठे आहे हे मी आजही शोधते, आणि तो सापडत नाही. फक्त जाणवतं की शेकडो माणसं एका अदृश्य उंचीकडे तोंड करून चढत आहेत, आणि ती उंची नेमकी आहे. गेलेला काळ बहुधा असाच आपल्यापाशी राहतो: गाणारी व्यक्ती निघून जाते, आणि तिनं आपल्याला जिथवर नेलं होतं तिथे, तिच्यावाचून, आपण उभे असतो.